परातीतली आकाशगंगा

मेघाच्या बोटाचं टोक पाण्याला टेकलं आणि परातीत तरंगणारा धानाचा कोंडा चारी बाजूंनी मागे सरला. सावकाश नव्हे, डोळ्याचं पातं लवायच्या आत. बोटाभोवती वाटीएवढं स्वच्छ पाणी उरलं.

समाजमंदिरात दाटीवाटीनं बसलेल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकच हाय निघाली.

"देखा?" नक्षत्रगिरी महाराज गरजले. "ही परात म्हणजे आकाशगंगा, हा कोंडा म्हणजे तारे. हिच्या काकाच्या, धनीरामच्या बोटाला तारे चिकटून राहिले, आणि या बेटीला पाहून पळाले! हिचा तारा जन्माच्या वेळी जवळ होता, दोन वर्षांपासून दूर चालला आहे. अकरा अमावास्या अनुष्ठान लागेल. तोपर्यंत वैनगंगा ओलांडायची नाही."

मेघाची आई आनंदाबाई परातीजवळच बसली होती. नागपूरच्या कॉलेजात मेघाला बीएस्सीला जागा मिळाली होती आणि ती पक्की करायला फक्त उद्याचा दिवस उरला होता. नवरा गेल्यापासून घरात शब्द चाले तो दिराचा, धनीरामचा. त्याला पोरीचं लग्न उरकायचं होतं. आनंदाबाई पंधरा दिवस नुसतं "पाहू" म्हणत होती. शेवटी धनीराम म्हणाला, महाराजांनाच विचारू. महाराज तीन दिवसांपासून त्याच्याच ओसरीवर मुक्कामाला होते, त्याच्याच घरचा भात हाणत होते. पोरीला नदीपलीकडं नागपूरला जायचंय हे त्यांना ताऱ्यांनीच सांगितलं, असं मानायला मात्र सगळं गाव तयार होतं.

"महाराज, माझा तारा किती दूर हाये?" मेघानं विचारलं.

"आकाशगंगेच्या मध्यात आहे, बेटी. तिथूनच तो तुझं बोट पाहतो."

"तिथं उजेड पोचायलेच सव्वीस हजार वर्षं लागतात. मी आत्ता बोट बुडवलं, त्याले आत्ताच कसं दिसलं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले. आणि मोठ्यानं मंत्र सुरू केला.

"आन आपला सूर्य त्या मध्याभोवती एक चक्कर मारते, त्याले बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. आकाशगंगेत शंभर अब्जाच्या वर तारे हायेत. त्यातला माझाच एक दोन वर्षांत उठून पळाला? काहून? त्याचं मी काय घोडं मारलं होतं?"

"चूप बस!" धनीराम ओरडला. "चार पुस्तकं वाचली तं महाराजाले शिकवून राहिली का?"

आनंदाबाईनं लेकीचा हात धरून तिला मागं ओढलं. त्या हाताला लिंबाचा वास येत होता.

गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं आणि मग भांडी घासायचं काम आनंदाबाईकडं होतं. नऊ वर्षं. भांडी घासायच्या साबणाचा हा वास तिनं झोपेतही ओळखला असता. खरकट्या परातीतल्या पाण्यावर त्या साबणाचा थेंब पडला की वर तरंगणारी हळद अशीच कडेला पळते, हेही तिनं रोज पाहिलं होतं. आणि मघाशी "शुद्धी" म्हणून महाराजांनी मेघाचं बोट आपल्या अंगठ्यानं चोळलं होतं. धनीरामचं चोळलं नव्हतं.

"महाराज, एक डाव माझ्या हातानं करतो," ती म्हणाली. परवानगीची वाट न पाहता तिनं परात विसळली, हापशीचं नवं पाणी भरलं, वर नवा कोंडा भुरभुरला. मेघाचा हात तीनदा धुतला, पदरानं पुसला.

मेघानं बोट बुडवलं. कोंडा जिथल्या तिथं राहिला. दोन कण तर बोटाला चिकटले.

"आता तुमचा अंगठा," आनंदाबाई महाराजांना म्हणाली.

"मी संन्यासी! मला तारे..."

"बुडवा ना महाराज," मागून गुलाब दुकानदार म्हणाला. "आकाशगंगा काय चावते का?"

पुढं बसलेल्या दोघांनी महाराजांचं मनगट धरलं. अंगठा टेकला आणि सगळा कोंडा परातीच्या कडेला जाऊन बसला. समाजमंदिर हसून हसून बेजार झालं. "तारे महाराजाले भेले गा!"

मेघानं समजावून सांगितलं: पाण्याचा वरचा थर ताणलेल्या कापडासारखा असतो. साबण लागतो तिथं तो ढिला पडतो, बाजूचं पाणी मागं ओढलं जातं आणि कोंड्याला सोबत नेतं. ना तारा, ना दोष.

कोणी आपल्याला चमत्कार दाखवू लागला तर पाया पडण्याआधी एवढं करावं: पाणी आपलं घ्यावं, परात आपली घ्यावी, त्याचे हात धुवायला लावावेत आणि म्हणावं, आता दाखव. हात धुवायलाच जो तयार नाही, त्याच्या सांगण्यावरून आपल्या लेकराचं आयुष्य ठरवू नये.

महाराज झोळी सावरत दाराकडं सरकले होते. धनीराम खाली मान घालून पुटपुटला, "वहिनी, ते जाऊ द्या. पण पोरीच्या जातीले एवढ्या दूर धाडाचं म्हणजे... पाहू ना अजून."

आनंदाबाईनं परातीतलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पाहून झालं, भाऊजी. मेघा उद्या पहिल्या एसटीनं नागपूरले जाईल. मी जातो तिच्यासंगं."