काटे नसलेली पत्रावळ

"हात धरा काका, डोंगा हालते थोडा," असं म्हणत त्या पोरीनं हात पुढं केला. सदाशिवरावांनी तो न दिसल्यासारखं केलं आणि डोंग्याच्या काठाला धरलं. काठ ओला होता, बुळबुळीत होता आणि त्याला मासळीचा वास होता. झालं! पैनगंगा ओलांडायच्या आधीच त्यांना रुमाल काढून बोटं पुसावी लागली.

तसं सदाशिवरावांना किळस यायला फार काही लागत नसे. उमरखेडला चौतीस वर्षं कारकुनी केली, पण कचेरीतला चहा कधी तोंडाला लावला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तर नजर वाढप्याच्या नखांवर. मटण खात, चांगलं मिटक्या मारत खात, पण घरचं आणि स्वतः उभं राहून तीन पाण्यांनी धुऊन घेतलेलं. कुठंही निघाले की पिशवीत पाण्याची बाटली आणि स्वतःचा पितळी पेला असायचाच. लोक हसायचे. हे म्हणायचे, "आपला गिलास, आपलं पाणी. कोनाचं काय जाते?" आणि खरंच, आजवर कोणाचं काही गेलं नव्हतं.

आजची गोष्ट वेगळी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा अमर फुलसावंगीच्या शाळेत मास्तर होता आणि त्याच्या मनात बेटसावळीच्या भोयांची निकिता भरली होती. बेटसावळी म्हणजे पैनगंगेच्या दोन धारांमध्ये बसलेलं गाव. जायचं तर डोंग्यानं, यायचं तर डोंग्यानं. गेल्या आठवड्यात अमरनं जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "बाबा, तुम्ही नाही म्हटलं तर नाही करत मी. पन मंग माह्यासाठी दुसरी पाहाची नाही. रविवारी संध्याकाळी काय ते सांगा मले." एवढं बोलून तो उठला आणि ताटात हात धुतला. ताटात हात धुण्याचीही सदाशिवरावांना किळस होती.

डोंग्यात हात पुढं करणारी पोरगी म्हणजे हीच निकिता. ती दर रविवारी बाहेरच्या लोकांना बेटावरून पायी फिरवते, घरोघरचं खाऊ घालते, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. मग ठरवलं, न सांगता जायचं. एकदा डोळ्यांनी बघितलं की नकाराला कारण शोधायला नको. नाव नोंदवताना त्यांनी शेजाऱ्याचं नाव ठोकून दिलं, घनश्यामराव.

बरोबर नागपूरचं एक जोडपं होतं आणि नांदेडच्या बँकेतल्या तीन बाया. पहिला मुक्काम मैनाबाईच्या ओट्यावर. तिथं निकितानं प्रत्येकाच्या हातात पळसाची एकेक पत्रावळ दिली आणि बेटाची रीत सांगायला सुरुवात केली.

"ही पत्रावळ सांभाळा. शेवटपर्यंत एकच मिळन. आमच्या इथं पाहुन्याच्या पानातले काटे फेकत नाही. ज्यानं खाल्लं त्यानं घाटावर जाऊन आपल्या हातानं नदीत सोडाचे. तिचं तिले परत."

बाया "किती छान" म्हणाल्या. सदाशिवरावांचं लक्षच नव्हतं. ते मैनाबाईकडं बघत होते. तिनं सुकट भाजून पाट्यावर वाटली होती आणि वाटलेली चटणी ती बोटानं निपटून, त्याच बोटानं प्रत्येकाच्या पत्रावळीतल्या भाकरीवर पुसत होती. बोटाला चांदीचं वळं, वळ्याच्या खोबणीत चटणी. कधीची असेल ती, आजची की गेल्या पोळ्याची? त्यांनी घाईघाईनं बाटली आणि पेला काढला, दोन घोट पाणी प्यायलं. निकितानं पेल्याकडं क्षणभर बघितलं, मग पुन्हा बोलायला लागली.

ती पाठमोरी झाली आणि सदाशिवरावांनी चटणी-भाकरीचा तुकडा पिशवीतल्या प्लास्टिकच्या थैलीत सरकवला. कारकुनी जन्मभर केलेली. कागद कसा सरकवायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

पुढच्या घरी खेकड्यांचा रस्सा. नांदेडच्या बाया नांग्या दातांनी फोडत होत्या आणि आतला रस ओढत होत्या. फुर्रर, फुर्रर. एकीच्या हनुवटीवरून लाल ओघळ थेट कोपरापर्यंत आला आणि तिनं तो चाटला. सदाशिवरावांनी डोळे मिटले आणि खेकडा थैलीत टाकला. तिसऱ्या घरी निखाऱ्यात भाजलेला मरळ. त्याचा डोळा पांढरा होऊन बाहेर आला होता आणि नेमका यांच्याकडंच रोखलेला होता. तोही डोळ्यासकट थैलीत गेला. प्रत्येक घरी ते मनातल्या मनात टाचण करत होते. माशा फार, गटार उघडं, नळ नाही. अमरसमोर एकेक करून मांडायचं होतं.

एवढं सगळं जमत होतं, पण मांजरांचं काय करणार? मैनाबाईच्या घरापासून एक कानफाटी मांजर मागं लागली होती. मरळाच्या घरी त्यांच्या तीन झाल्या.

"घनश्यामकाका, मांजरीइले लईच आवडले तुम्ही," निकिता म्हणाली. सगळे हसले. सदाशिवराव हसले नाहीत.

शेवटचं घर निकिताचंच. घाटाला लागून दोन खोल्या, पुढं अंगण. तिची आई रुखमाबाई, पन्नाशीची बारकी बाई, चुलीपुढून उठून आली आणि सगळ्यांना हात जोडले. सदाशिवरावांनी नजर कामाला लावली. अंगण सारवलेलं. भांडी घासूनपुसून पालथी. चुलीभोवती राखेचा कण नाही. बाईची नखं कापलेली. घाण सापडेना, तसे ते मनातून चिडले. एवढ्या लांब काय हे बघायला आलो होतो?

रुखमाबाईनं सगळ्यांना वाढलं आणि कढईतलं सगळ्यात मोठं मासळीचं डोकं हातानं उचलून त्यांच्या पत्रावळीत ठेवलं.

"डोकं वडील मानसाले देतो आम्ही. निकिताचे बाबा गेल्यापासून या घरात कोनी वडील मानूस जेवलं नाही जी."

डोक्याचं तोंड उघडं होतं, आत बारीक दात होते, गालफडातून पिवळं काहीतरी ओघळत होतं. आणि ते हातानं वाढलेलं! सदाशिवरावांच्या अंगावर काटा आला. रुखमाबाई भात आणायला वळली तेवढ्यात डोकंही थैलीत गेलं. आता सुटलो, त्यांना वाटलं. आता डोंगा, घर आणि अमरला उत्तर.

पण आधी घाट होता. एकेकानं पायरीवर वाकून आपल्या पत्रावळीतले काटे, नांग्या, कवचं नदीत सोडली. सदाशिवरावांची पाळी आली. त्यांची पत्रावळ तेलानं नुसती डागाळलेली होती. वर काही नव्हतं.

"अगं माय!" रुखमाबाई दचकली. "तुमचे काटे कुठी गेले जी?"

"खाल्ले," सदाशिवरावांच्या तोंडून निघून गेलं.

"काटे खाल्ले? मरळाचे? डोक्याचे बी?" बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "निकिता, कोरडा भात आन! गोया करून आन लवकर! बोलू नका जी तुम्ही, आवंढा गियू नका. एखादा आडवा बसला असन तं जीव जाते मानसाचा." आणि तिनं एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या गळ्यावरून फिरवायला सुरुवात केली, काटा कुठं टोचतोय ते चाचपत. बोटं ओली होती. बोटांना रस्सा होता.

"हात लावू नका मले!"

सदाशिवराव ओरडले आणि मागं उसळले. पिशवी खांद्यावरून सुटून पायरीवर आपटली. मांजरी टपलेल्याच होत्या. कानफाटीनं थैली ओढली, दुसरीनं फाडली आणि चार घरचं जेवण दगडावर सांडलं. चटणीत भाकरी भिजलेली, भाकरीत खेकडा रुतलेला, मरळाचा डोळा, मोठ्या डोक्याचं उघडं तोंड, सगळं उन्हानं आंबून एकात एक कालवलेलं. त्याचा भपकारा उठला. नागपूरच्या बाईनं पदर नाकाला लावला. त्या काल्यात त्यांचा पितळी पेला लोळत होता आणि एक मांजर तो आतून चाटत होती. आख्ख्या दिवसात एवढं ओंगळ सदाशिवरावांनी काही बघितलं नव्हतं, आणि हे कोणा दुसऱ्याचं नव्हतं.

भाताचा गोळा हातात घेऊन निकिता पायरीवर उभी होती.

"माय, राहू दे," ती म्हणाली. "घनश्यामराव नोहेत हे. अमरचे बाबा आहेत."

सदाशिवरावांनी वर बघितलं.

"मैनामावशीच्या घरी गिलास काढला तुम्ही, तवाच ओयखलं. अमरनं सांगतलं होतं गिलासाचं. मले वाटलं, न सांगता आले तं आले, पन आले. एक घास तरी खातीन." तिचा आवाज चढला नव्हता. "एका घासावर मी लई वर्षं काढले असते काका."

"तसं नाही पोरी, मले..."

"आज संध्याकायी अमरले सांगाचं आहे ना तुमाले? नका सांगू. मीच सांगतो. माह्या मायचा हात ज्याले चालत नाही, त्याच्या घरी माहा हात कसा चालन?"

जो नकार द्यायला ते आले होते, तो त्यांना घाटावर आयता मिळाला. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांना स्वतःची शिसारी आली, अंगावरच्या कपड्यांसकट. ही बाई आपला जीव वाचवायला धावली होती. अमर घरी आल्यावर त्याच्या तोंडाकडं बघायचं कसं?

रुखमाबाई मात्र खाली बसली होती. मांजरींना हुसकून तिनं तो सगळा काला दोन्ही हातांनी गोळा केला, काटे वेचले, नदीत सोडले. पाहुण्यानं स्वतः सोडायचे असतात, हे ती बोलली नाही. मग पेला उचलून ती घरात गेली. भांडं घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. डोमाजी नावाड्यानं खालून हाक दिली, बाकीचे पाहुणे मान खाली घालून डोंग्यात जाऊन बसले.

रुखमाबाई बाहेर आली. पेला लखलखत होता, माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. सदाशिवरावांनी घ्यायला हात पुढं केला. ती द्यायला वाकली आणि मध्येच थांबली. काहीतरी आठवल्यासारखं तिनं पेला पायरीवर ठेवला, दोन पावलं मागं सरली आणि दोन्ही हात पाठीमागं धरले.

"घ्या जी. तीन डाव राखेनं घासला. आतून हात नाही लावला."

सदाशिवराव वाकले, पेला उचलला. डोंग्यात चढताना या वेळी कोणी हात पुढं केला नाही.

मधल्या धारेला डोमाजीनं वल्हं थांबवलं. "पिऊन घ्या ना जी, नाहीतं सांडून द्या. कायले धरून बसले?"

त्यांनी पाणी प्यायलंही नाही आणि सांडलंही नाही. डोंगा हलत होता आणि ते दोन्ही हातांनी पेला धरून, त्यातलं पाणी हिंदकळणार नाही इतकं जपून, पलीकडच्या काठापर्यंत बसून राहिले.