माझ्या पट्ट्यावर बारा वर्षं होती

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मुठीचा, पोटात रबरी पट्टे असलेला. पट्टे फिरवले की तारीख बदलते; वरचा शब्द मात्र कायमचा: ‘मिळाले’. कारखान्यात माझ्या पट्ट्यावर बारा वर्षं बसवली गेली. एवढी संपायची कधी, असं तेव्हा वाटलं होतं.

मी एका वकीलसाहेबांच्या कार्यालयात आलो. माझा पहिला ठसा एका यादीवर उमटला. एका घड्याळजींनी ती मरणाआधी स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्यांनी आपली सारी मालमत्ता साहेबांच्या स्वाधीन केली होती. साहेबांनी विश्वस्त म्हणून ती घड्याळजींच्या लेकीसाठी सांभाळायची होती. पहिलीच ओळ होती, ‘दुकानावरच्या दोन खोल्या.’ ठसा इतका स्वच्छ उठला की कारकून म्हणाला, “वा, नवा गडी झकास आहे!” मी फुगून टुम्म झालो.

थोड्याच दिवसांत लेक आली. कडेवर छोटी मुलगी होती.

“काका, बाबांनी काय काय ठेवलंय, त्याची यादी तेवढी द्या. वरच्या खोल्या आहेत ना त्यात? आमची भाड्याची जागा सुटतेय हो.”

“अर्ज द्या, ताई. माहिती मिळणं हा तर तुमचा हक्कच आहे,” कारकून म्हणाला आणि त्याने अर्जावर मला दाबलं. ठक्!

तिने आपल्या प्रतीवरचा ठसा पाहिला. “‘मिळाले’ लिहिलंय. म्हणजे काम होणार,” असं ती मुलीला म्हणाली. माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता, मित्रांनो, आणि मी इतका खोटाही कधी पडलो नव्हतो.

अर्ज खणात गेला. यादीही त्याच खणात होती, वीतभर खाली. कारकुनाने एकदा धीर करून विचारलं, “साहेब, यादी देऊन टाकू का?” साहेब म्हणाले, “बघू. आणि हे बघ, जुन्या फायलींना इथे जागा नाही. घड्याळजींच्या खोल्यांत नेऊन टाक.”

ती उंबरठा झिजवत राहिली. दर वर्षी नवा अर्ज, दर वर्षी नवी भाड्याची खोली. छोटी मुलगी कडेवरून उतरली, मग आईच्या खांद्याला लागली. शेवटी तीच अर्ज लिहू लागली. मी प्रत्येकावर ‘मिळाले’ म्हणत राहिलो. तिला काय मिळालं?

मग माझ्या पट्ट्यावरची वर्षं संपली. कारकुनाने नवा शिक्का आणला. खण रिकामा करून मला, तिच्या अर्जांना आणि त्या यादीला एकाच पोत्यात भरलं. पोतं कुठे आलं असेल, ओळखलंत ना?

आता मी तिच्याच खोलीत राहतो. खिडकीपर्यंत फायली रचल्या आहेत. परवा खालून ओळखीचा आवाज आला.

“आई, बघ ना, वर कुणाचं तरी सामान भरलंय.”

आई म्हणाली, “खोल्या विकल्या वाटतं गं. चल. आता नाही लिहायचा अर्ज.”

मित्रांनो, तुमच्या हाती कुणाची वस्तू असेल तर ती जपाच. पण त्या माणसाने विचारलं की सांगाही. मी तिला सांगायला तडफडलो. पण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बोललो असतो तरी तोच एक शब्द.