अनाथाश्रमाच्या छपराची कुस्ती

बुलाकीनं मानगुटीवर कोपर हाणलं तेव्हा जयसिंगरावला समोर दोन बुलाकी दिसायला लागले. नाकातलं रक्त आखाड्याच्या मातीत टपकत होतं. बुलाकी कानाशी येऊन हसला, "क्यों अनाथालय के पट्ठे, लेटता है कि और खाएगा?"

त्याला उचलून आपटणं जयसिंगरावला जड नव्हतं. होळकरांच्या फौजेत असताना यापेक्षा थोराड गडी त्यानं चीत केले होते. पण ही कुस्ती हरायची होती. आधीच ठरवून. नूरा म्हणतात तिला.

इंदुरात झालेल्या दंग्यात जमावानं राजवाड्यामागचा अनाथाश्रम पेटवला. जयसिंगराव तिथंच लहानाचा मोठा झालेला. स्वातंत्र्यानंतर होळकरी गेली तसं दरबारचं अनुदान गेलं आणि नवं सरकार ग्वाल्हेरीला बसून म्हणत होतं, बघू. बघता बघता थंडी आली. पोरं चार काळ्या भिंतींच्या आत, आभाळाखाली कुडकुडत झोपायची. गेल्या आठवड्यात त्यातलं एक सकाळी उठलंच नाही. मग आश्रम चालवणाऱ्या पद्मजाबाईंनी मदतीची कुस्ती ठेवली. तिकिटांचा पैसा मांडवातच जिरला. तेव्हा अप्पासाहेब ठेकेदार म्हणाले, "माझ्या बुलाकीला जिंकू दे. पत्र्याचं छप्पर मी घालून देतो."

जयसिंगराव आडवा झाला. पाठ मातीला लागली. तरी बुलाकीनं जाता जाता त्याचं डाव्या हाताचं बोट पिरगाळून मोडलंच.

पण इंदूरच्या माणसाला कुस्ती कळते.

"नूरा है! नूरा है रे!"

जोडे आले, मग दगड आले. एक अप्पासाहेबांच्या टोपीवर बसला. ते लालबुंद होऊन उठले. "काय रे जयसिंग्या, नीट पडताही येत नाही तुला? चारचौघांत नाक कापलंस माझं. आता छप्पर विसर."

"अप्पासाहेब, शब्द दिला होतात," पद्मजाबाई म्हणाल्या.

"मग त्या शब्दाचंच छप्पर घाला!"

जयसिंगराव उठला. मोडकं बोट लोंबत होतं. काठावर येऊन तो ओरडला, "रुको भिया लोग! कुस्ती परत लावतो. आता खरी. पण पैसे आधी. बाई पदर धरून फिरतील."

"और तू फिर लेट गया तो?"

"तो यहीं गाड़ देना!"

बुलाकी निघाला होता. लोकांनी त्याला धरून परत मातीत ढकललं. पद्मजाबाई फिरल्या. पोरांच्या नावानं ज्यांच्या हातून फुटकी कवडी सुटली नव्हती, ते हरामखोर आता रक्त बघायला मिळणार म्हणून खिसे झाडत होते.

या खेपेला जयसिंगरावनं हातचं राखलं नाही. डोकं बुलाकीच्या तोंडावर घातलं तसे दात निखळले. मग कंबर धरून असा आपटला की माती उडाली. पाठ टेकली. कुस्ती झाली.

लोक मात्र हलेनात. "हाथ तोड़! हाथ तोड़ेगा तो और देंगे!" पुढच्या रांगेतला एक सद्गृहस्थ नोट हलवत होता.

बुलाकीचा हात जयसिंगरावच्या काखेत अडकलेला होता. "भाई, हाथ मत तोड़," तो खालून पुटपुटला. "यही कमाता है।"

"सोड त्याला, जयसिंग," पद्मजाबाई ओरडल्या. "जिंकलास ना!"

"छपरापुरते झाले का, बाई?"

त्यांनी पदराकडे पाहिलं. आतले पैसे चाचपले आणि पदर पुन्हा पुढे धरला.

जयसिंगरावनं दम घेतला आणि सगळा भार त्या कोपरावर टाकला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. बुलाकीची किंकाळी नाण्यांच्या पावसात बुडाली. लोक नाचत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते.

पद्मजाबाई मातीत उतरल्या आणि वाकून वेचू लागल्या. बुलाकी तडफडत होता, त्याच्या पायाखाली काही नाणी अडकली होती. त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी बाजूला सरकवला.