डाव्या स्कीची फट

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरत उतरण्यासाठी बुटाखाली जी लांब पट्टी बांधतात, ती मी. जोडीतली डावी. लाकडाचे पातळ थर चिकटवून मला घडवलं आणि कडांना पोलाद लावलं.

काश्मीरच्या उतारावर मला पंचशीला भेटली. ती मूळची निलंग्याची. लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि गावातल्या विहिरी आटल्या होत्या. म्हणून तिच्या वडिलांनी, हवालदार ग्यानोबांनी, बायको-लेकीला फौजेच्या छावणीत आणलं होतं.

तेरा वर्षांची पंचशीला पहिल्या दिवशी एकवीस वेळा पडली. पाचव्या हिवाळ्यात ती निवडस्पर्धा जिंकली आणि युरोपातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी तिचं नाव लागलं.

त्या उन्हाळ्यात ती मला निलंग्याला घेऊन गेली. सगळ्यांना दिसावी म्हणून मला एकटीला दारात भिंतीला टेकवलं; उजवी आतच राहिली. टँकरची वाट बघणाऱ्या बाया जवळ आल्या.

"तिथं पाणी गोठून पडलेलं ऱ्हातं म्हणं?" शेजारच्या गुणाबाईंनी विचारलं.

"हाव मावशी, कमरेइतकं."

"अन् तुमी त्याच्यावर खेळता?"

पंचशीलाने त्यांची रिकामी घागर उचलून रांगेत ठेवली.

"पोरी, उन्हातून उचल ते," तिची आई सरजाबाई दोनदा म्हणाली. "उचलते की," म्हणून पंचशीला पुन्हा पाहुण्यांत रमली. अकरा दिवस मी मे महिन्याच्या उन्हात उभी होते. आतल्या थरांचा चिकटा सुटला. वरून काहीच दिसत नव्हतं. पुढे सरावात मी थरथरायचे, तेव्हा तिला वाटायचं, बर्फच खडबडीत आहे.

युरोपातली ती शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिली फेरी संपली आणि माझ्या कडेला बोटभर फट उघडली.

"दुसरी जोडी नाही. माघार घे," प्रशिक्षक म्हणाले.

"सर, चूक माझी हाय. मीच उन्हात ठेवली हिला," पंचशीला म्हणाली. "दोन स्क्रू मारून द्या. उजव्या वळणाला हिच्यावर भार येतो, तिथं मी जपून वळते."

प्रशिक्षकांनी स्क्रू मारले आणि ती निघाली. प्रत्येक उजव्या वळणाला मी करकरत होते. शेवटून तिसऱ्या वळणावर स्क्रू उडाला आणि माझी शेपटी फाकली. पंचशीलाने मला झटकन वर उचललं. कोपर बर्फावर घासत, एकट्या उजव्या स्कीवर ती वळली. उरलेला उतार तिने तसाच कापला.

सत्तावन्न जणींत ती एकोणतिसावी आली. खाली पोचल्यावर तिने आधी मला सोडवलं, स्वतःच्या मफलरने पुसलं आणि मग ती रडली.

आज पंचशीला मुलांना स्की शिकवते. मी तिच्या खोलीत सावलीत टांगलेली असते. माझी फट तिने बुजवली नाही.

मित्रांनो, मी पडले-झडले, दगडांवर घासले, तेव्हा मोडले नाही. माझं कौतुक चाललं होतं, त्या अकरा दिवसांत मी आतून सुटले. तुमची सायकल असो, बॅट असो, जिंकून घरी आलात की आधी तिला पुसून सावलीत ठेवा. पाहुणे थोडे थांबतील.