वीतभर जागा

नर्सबाई आणि शेजारचे घड्याळवाले यांच्यात वीतभर जागेवरून उभा दावा होता. दोन घरांमधलं लाकडी कुंपण घड्याळवाल्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली बाईंच्या अंगणात सरकवलं, असं बाईंचं ठाम म्हणणं. "बाई, कुंपण सरळ आहे, तुमची नजर वाकडी," हे घड्याळवाल्यांचं ठरलेलं उत्तर. पुढे बाईंचे यजमान गेले, घड्याळवाल्यांची बायको गेली, दुकान बंद पडलं, बाईही निवृत्त झाल्या. भांडण तेवढं टिकलं. कित्येक दिवस बाईंच्या तोंडून दुसरं काही बोलणंच निघत नसे.

यंदाच्या वादळात ते जुनं कुंपण आडवं झालं. बाई कंबर कसून बाहेर आल्या.

"आता बघतेच, कुठे उभं करता ते!"

फळ्यांमध्ये उभे असलेले घड्याळवाले गोड हसले. "तुम्हाला हवं तिथे करा की. आपण नवीन आलात वाटतं इथे?"

"ही नाटकं माझ्यापुढे नकोत," म्हणता म्हणता बाई थबकल्या. असे डोळे त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिले होते.

संध्याकाळी घड्याळवाल्यांचा मुलगा येऊन म्हणाला, "काकू, हल्ली बाबा कधीकधी मलाही ओळखत नाहीत. कुंपण तुम्ही म्हणाल तिथे घालू. इतकी वर्षं तुम्हाला त्रास झाला, मनावर घेऊ नका."

सुताराने बाई म्हणाल्या तिथे खांब रोवले. बाई जिंकल्या. मिळालेल्या पट्टीवर जाऊन उभ्या राहिल्या, तर तिथे धड दोन पावलंही शेजारी शेजारी मावेनात. बहिणीला फोन केला. "सुटलीस बाई एकदाची!" ती म्हणाली आणि तिला कुकर लावायचा होता म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळवाले अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी कुंपणाच्या अलीकडे स्टूल ओढलं.

"इथे एक गृहस्थ राहायचे," त्या म्हणाल्या. "माझी जागा लाटली त्यांनी. वर मी दुपारी जरा आडवी झाले, की दुकानातली सगळी गजराची घड्याळं खिडकीत मांडून एकदम वाजवायचे!"

घड्याळवाले मान पुढे करून ऐकत होते. "अरेरे! फारच वाईट माणूस दिसतोय."

"इतकाही नव्हता हो," बाई घाईने म्हणाल्या. "आमचे हे गेले, तेव्हा महिनाभर एकही घड्याळ वाजलं नाही."

"मग आता कुठे असतो तो?"

बाईंनी नव्या खांबावरून हात फिरवला.

"हल्ली दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

मुलाने आतून हाक मारली. घड्याळवाले उठले, "येतो हं, ताई," म्हणाले आणि गेले. बाईंच्या घरात कोणी वाट बघणारं नव्हतं. बाई तिथेच बसून राहिल्या.