रविवारचा फोटो

ईश्वरदासांनी करंगळी दाबली, पण रक्ताचा थेंब काही वर येईना. एकेकाळी उमरेडला मागावर बसून तुटलेला धागा न बघता जोडणारी ही बोटं आज साखर तपासायच्या एका पट्टीपुढे अडली होती. शेवटी थेंब आला आणि यंत्राने आकडा दाखवला. तीनशे ब्याऐंशी.

पुण्याला नोकरीला असलेल्या लेकाशी, भूपेशशी त्यांचं ठरलेलं होतं. रोज सकाळी सातला साखरेच्या यंत्राचा फोटो पाठवायचा, म्हणजे त्याला घोर नाही. त्यावर भूपेशचा पिवळा अंगठा यायचा. बायको गेल्यापासून मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये दिवसभरात बापलेकांचं बोलणं ते एवढंच.

परवापासून अंगात ताप होता आणि पोटात काही ठरत नव्हतं. लहानपणी ताप आला की आई लंघन करायला लावायची, म्हणून यांनीही लंघन धरलं. जेवायचंच नाही तर इन्सुलिन कशाला, असा स्वतःपुरता शहाणपणा करून सुईही बंद केली. लेकाला कळलं तर तो रजा टाकून धावत येईल, साहेबाची बोलणी खाईल, म्हणून दोन दिवस रविवारचाच फोटो पुन्हा पाठवला. एकशे अठ्ठावीस. त्या फोटोच्या कोपऱ्यात तर्री-पोह्यांची प्लेट होती, लालभडक. रोज तीच प्लेट पाहून भूपेश विचारेल आणि आपण पकडले जाऊ, अशी त्यांना भीती होती. खरं सांगायचं तर भीती कसली, आशाच होती. पण दोन्ही दिवस अंगठाच आला.

आज जीभ टाळूला चिकटत होती. पहाटेपासून लघवीला किती वेळा उठलो, तेही आठवत नव्हतं. उभं राहिलं की भिंत फिरायची. लेकाची काळजी, साहेबाची बोलणी सगळं बाजूला पडलं आणि त्यांना साधी स्वतःची भीती वाटली. आपण इथे पडलो तर कोणाला कळणार?

त्यांनी खरा फोटो काढला. पहिला पुसट आला, म्हणून दुसरा काढला, आकडा स्वच्छ दिसेल असा. पाठवला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. भूपेश घाबरला, तर काय सांगायचं तेही ठरवलं: काही नाही रे, थोडासा ताप हाय.

सात वाजून चार मिनिटांनी फोन एकदाच वाजला.

अंगठा.

पोरगा बिचारा गडबडीत असेल, असं ईश्वरदासांनी मनाला सांगूनही पाहिलं. मग सदरा चढवला आणि भिंतीला धरत समोरच्या दाराची घंटा दाबली. तिथे शरच्चंद्र देव राहत. निवृत्त कारकून. सहा वर्षांत दोघांचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं.

"काय झालं हो ईश्वरदासजी? असे काहून लटपटून राहिले?"

"ताप हाय जी, परवापासून. मले शुगर बी हाय."

"या, बसा आधी. इन्सुलिन घेता का?"

"घेतो. पण जेवण नाही, तर सुई काहून घ्यायची? बंद केली."

"भलतंच! अहो, तापात उपाशी माणसाचीही शुगर चढते. माझ्या बहिणीनं हेच केलं होतं, चार दिवस दवाखान्यात होती. सुई आपल्या मनानं बंद करायची नसते." देवांनी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. "घोट घोट पीत राहा. मी डॉक्टरले फोन लावतो."

फोन लागला. देव उभ्याउभ्याच बोलत होते. मग फोन कानाला तसाच धरून ते वळले.

"डॉक्टर विचारून राहिले, आज किती आली?"

"तीनशे ब्याऐंशी."

"किती?" देव ओरडलेच.

ईश्वरदासांनी ग्लास खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. देवांना पहिल्यांदाच नीट ऐकू गेलं होतं, तरी ईश्वरदासांनी आकडा पुन्हा सांगितला, सावकाश.