ऋतिकासाठी गाऱ्हाणं

विठू शिवलकरनं नारळाची शेंडी तेवढी ठेवून बाकीचा काथ्या ओढून काढला, तो पायरीच्या कडेला ठेवला आणि देवळात पाऊल टाकलं. आत पाहतो तर निम्मी मांडवी सभामंडपात जमलेली.

त्याला वाटलं होतं, सकाळी आठाला देवळात रामा गुरवाशिवाय कोण असणार? पण दोन खांबांच्या मधे पांढरी चादर ताणून बांधली होती. दीपाली मॅडम स्टुलावर प्रोजेक्टर ठेवून त्याच्या वायरींशी झटत होत्या. शाळेत खेळ शिकवायच्या त्या. सात वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांपेक्षा वीतभर वर निघालेलं एक डोकं त्यांनी हेरलं होतं आणि त्या मुलीच्या हातात बास्केटबॉल दिला होता. ती विठूची लेक ऋतिका.

"विठूकाका, पुढं बसा. तुमची खुर्ची ठेवलीय."

"मी आपला हितंच बरा," असं म्हणून तो डावीकडच्या खांबाला टेकला. कीर्तनात त्याचा तबला तिथंच असे.

"पुढं जा रे मेल्या!" गोदाकाकी चटईवरून ओरडली. "रोज बुवांच्या बाजूला बसतंस. आज बुवा तूच!"

सगळे हसले. विठूही हसला. नारळ मात्र त्यानं पोटाशी धरून ठेवला होता.

सामना नवाला सुरू व्हायचा होता. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. दर वर्षी एप्रिलात अमेरिकेत हा एक सामना होतो. एका बाजूला तिथल्या एकोणीस वर्षांखालच्या निवडक मुली, दुसऱ्या बाजूला उरलेल्या साऱ्या जगातून वेचलेल्या बाराजणी. त्या बारांत यंदा मांडवीची ऋतिका होती; वय अठरा, उंची सहा फूट दोन इंच. कोण जिंकलं, कोण हरलं याला इथे फार महत्त्व नसतं, असं मॅडमनी सांगितलं होतं. कॉलेजांचे प्रशिक्षक वह्या घेऊन पहिल्या रांगेत बसतात, खेळ त्यांच्यासाठी असतो. एका कॉलेजानं तर आधीच कळवलेलं, मुलगी या सामन्यात चांगली खेळली तर चार वर्षांचं शिकणं, राहणं, खाणं सगळं आमचं. नाही जमलं तर ती मेअखेर घरी येणार आणि रत्नागिरीतल्याच कॉलेजात नाव घालणार.

विठूला ती घरी यायला हवी होती.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? बायको गंगा वारली त्याच्या पुढच्याच वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोर दिल्लीकडच्या बास्केटबॉल अकादमीत गेली. तेव्हापासून घरात तो एकटा. जाण्याआधी तिनं मागीलदारी कपडे वाळत घालायची दोरी स्वतःच्या उंचीला बांधून दिली होती. विठूचा हात तिथवर पोचत नसे. चार वर्षं तो काठीनं सदरे वर चढवत होता, पण दोरी खाली घेतली नव्हती. दिवसा बर्फाच्या कारखान्यात काम, संध्याकाळी कुठे कीर्तन असलं तर साथ. कीर्तन नसलं की संध्याकाळ फार लांबायची. मग तो तबला नुसता पुसून ठेवायचा.

म्हणून आज गाऱ्हाणं घालायचं होतं. आपल्याला काय हवं ते गुरवाला सांगायचं, गुरवानं ते देवापुढे मोठ्यानं मांडायचं आणि हजर असतील त्यांनी प्रत्येक बोलाला होकार भरायचा, ही रीत. रामा एकटाच असता तर विठूनं हळूच सांगितलं असतं, पोर घरी येऊ दे, एवढंच.

तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेला.

"रामा, जरा कानात सांगायचं हाय."

"आता कानात काय सांगतंस?" रामानं नारळ त्याच्या हातातून काढूनच घेतला. "अख्ख्या मांडवीला म्हायत हाय ता मला म्हायत नाय होय? उठा रे सगळे! गाऱ्हाणं हाय!"

चटयांवरची माणसं उठली. डोक्यांवर पदर आले, टोप्या सारख्या झाल्या. विठूनं तोंड उघडलं, तोवर रामाचा आवाज गाभाऱ्यात घुमला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या विठूनं तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्याची लेक सातासमुद्रापल्याड खेळाया उतरलीय. तिच्या हाताला यश दे, पायाला बळ दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्या मोठ्या कॉलेजवाल्यांच्या डोळ्यांत तिला भरव, नि त्यांनी तिला तिकडंच ठेवून घेऊ दे! चार वर्सं लागोत, आठ लागोत, नाव काढल्याबिगर तिला माघारी धाडू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं. आणि विठूनं तर तीस वर्षं तबल्याची साथ केलेली. बुवा अभंगाचं कडवं चुकले तरी साथीदार थांबत नाही. बुवा जातील तिकडे ठेका धरून जातो. तो हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. शेजारी गोदाकाकी घशाच्या शिरा ताणून होकार भरत होती. विठूचे ओठ तेवढे हलले नाहीत.

सामना सुरू झाला. चादरीवरच्या त्या लखलखत्या मैदानात सगळ्याच मुली उंच होत्या, त्यामुळे ऋतिका प्रथमच चारचौघींसारखी दिसत होती. पहिली दहा मिनिटं ती बाकावर बसून होती. दुसऱ्या डावात तिला उतरवलं तेव्हा सभामंडपात टाळ्या वाजल्या. तिनं पहिलाच चेंडू टाकला, तो कड्याला आपटून बाहेर आला. नंतर तिनं दिलेला पास मैदानाबाहेर गेला. मग एका सोनेरी वेणीच्या मुलीनं तिच्या हातातला चेंडू असा काढून नेला, जशी घार मासळी उचलते.

"अगो बाय माझे!" गोदाकाकीनं कपाळाला हात लावला.

चौथ्यांदा ऋतिकाचा नेम चुकला तेव्हा विठूला छातीत एकदम हलकं वाटलं. उन्हातून चालत येऊन सावलीत टेकावं तसं. आणि ते हलकेपण कसलं, हे त्याला कळलं.

बुवा नेहमी म्हणत, "अरे, देवापाशी तोंड एक मागतं आणि मन दुसरंच मागतं, तेव्हा तो तोंडाचं ऐकत नाही हो." या वाक्यावर हात थांबवायचा, श्रोत्यांना क्षणभर शांतता द्यायची आणि मग सम गाठायची, हे विठूला पाठ होतं. कितीदा थांबवला असेल त्यानं हात. वाक्य मात्र आज प्रथमच त्याच्याजवळ येऊन बसलं. शंभर माणसांनी होकार भरलेलं गाऱ्हाणं एका बाजूला आणि हा मुका बाप दुसऱ्या बाजूला. देव कुणाचं ऐकतोय, ते चादरीवर दिसत होतं.

ऋतिका गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला. खालचा ओठ तिनं दातांत घट्ट धरला होता.

मध्यंतर झालं. चहाची किटली फिरू लागली. "पोर बावरलीय, दुसरं काय नाय," असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. विठू उठून उंबऱ्याशी गेला. त्यानं हात जोडले. मूर्तीच्या पायाशी त्याचा नारळ होता, त्यावर जास्वंदीचं एक फूल.

"माझं ऐकू नको," तो म्हणाला.

रामा समईत तेल घालत होता. "काय म्हन्लास?"

"काय नाय."

तो परत येऊन बसला, पण खांबाशी नाही. पुढच्या खुर्चीत बसला.

नंतर जे झालं ते मांडवीत पुष्कळ दिवस सांगितलं जाईल. ऋतिकानं आधी दुसऱ्यांना खेळवलं. दोघींच्या मधून, पाठीमागून, न पाहता दिलेले तिचे पास बरोबर हवे तिथे पोचू लागले. त्या सोनेरी वेणीवालीचा चेंडू तिनं हवेतच अडवला. शेवटच्या आठ मिनिटांत तिनं अकरा गुण केले. प्रत्येक गुणाला सभामंडपात आरोळी उठे, आणि सगळ्यात मोठी विठूची. तो उभा राहून ओरडत होता. तबलजीचा आवाज इतका मोठा असतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. जगाचा संघ चार गुणांनी हरला आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. समालोचकानं तिचं आडनाव तीन वेळा तीन तऱ्हांनी घेतलं.

साडेअकराला विठूचा मोबाइल वाजला. माणसं पांगली होती. मॅडम चादरीची घडी घालत होत्या. तो फोन घेऊन देवळामागच्या दगडी गडग्यावर बसला. समोर वाळू तापलेली, भरती लागलेली.

छोट्याशा पडद्यावर ऋतिका हसत होती. तिच्यामागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि खुर्च्यांखाली झाडू मारणारा एक माणूस.

"पाह्यलंत ना?"

"सगळ्या मांडवीनं पाह्यलं. गोदाकाकी रडली. जेवलीस?"

"नाय अजून. बाबा, ते भेटायला आले होते. कॉलेजवाले. घेतो म्हणाले."

"घेणारच."

"ऑगस्टात जायचं. मधे दहा दिवस घरी येता येईल, फार तर." तिनं फोन जवळ घेतला. "मॅडमनी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ पाठवलाय. सगळ्यांची तोंडं हलताहेत. तुमचं नाही."

लाट गडग्यापासून थोड्या अंतरावर येऊन मागे गेली.

"खोकला येत होता," विठू म्हणाला.

"बरं." ती बोटावरची पट्टी सोलू लागली. "मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. बाबांना विचारते म्हटलं. काय सांगू?"

बुवांना ठेका थांबवायला हवा असला की ते वळत नाहीत, बोलत नाहीत; नुसती नजर येते. ती ओळखण्यात विठूची हयात गेली होती. पण फोनवरच्या नजरेचं काही कळत नाही. ती आपल्याकडे पाहते आहे की पडद्यावरच्या स्वतःकडे, हेसुद्धा नाही.

"तिथं भात मिळतो?" त्यानं विचारलं.

"मिळतो. चिकट असतो."

"मग झालं तर. कुळथाचं पीठ देतो करून. आमसुलं नेशील."

"म्हणजे जाऊ?"

"जा, बाय. विचारायचं काय त्यात?"

ऋतिका हसली नाही. सुटलेल्या पट्टीची तिनं बारीक गोळी केली.

"मला वाटलं होतं..." ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. बस आलीय आमची. ठेवू?"

पडदा काळा झाला. विठू त्याच्याकडे पाहत बसला. तिनं अर्धंच टाकलेलं वाक्य त्यानं मनात दोनदा, तीनदा पुरं करून पाहिलं. दर वेळी ते एकाच जागी येऊन थांबलं: तुम्ही 'घरी ये' म्हणाल. तो उठून उभा राहिला आणि त्यानं घाईघाईनं फोन लावला. ती दुसऱ्या कुणाशी बोलत होती. पुन्हा लावला. अजून बोलतच होती.

जरा वेळानं मेसेज आला. *सांगून टाकलं त्यांना. खूप खूश झाले.*

त्याखाली लगेच दुसरा. *दोनदा फोन केलात? काही बोलायचं होतं का?*

विठूला टाइप करायला वेळ लागे. ऊन डोक्यावर आलं होतं. अक्षरं दिसावीत म्हणून त्यानं फोनवर तळहाताची सावली धरली आणि एका बोटानं लिहिलं, *नाही. जेवून घे.*